कुजण्याचा तक्ता आणि बाटलीचा धनी

कुठली वस्तू कुजायला किती काळ लागतो? केळीची साल २ ते ५ आठवडे. वर्तमानपत्र ६ आठवडे. सुती कापड १ ते ५ महिने. सिगारेटचं थोटूक १० वर्षं. प्लास्टिकची पिशवी २० वर्षं. ॲल्युमिनियमचा डबा २०० वर्षं. पाण्याची बाटली ४५० वर्षं. काच १० लाख वर्षं.

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी हा तक्ता बरीच वर्षं शिकवला. भिंतीवर रंगवून घेतला होता. डावीकडे वस्तूचं चित्र, उजवीकडे वर्षं. परीक्षेत ‘जोड्या लावा’मध्ये तो हमखास यायचा आणि मुलं पैकीच्या पैकी गुण मिळवायची. निवृत्तीनंतर चार वर्षं गावच्या पंचायतीच्या कचरा समितीवर काम केलं आणि माझं मत पुरतं बदललं. हा तक्ता मुलांना शिकवू नये असं आता मला वाटतं. शिकवायचाच असेल तर एक गोष्ट सोबत सांगावी: वस्तू ज्या क्रमाने मांडल्या आहेत, त्या क्रमाचा आणि त्यांच्यापासून आपल्याला होणाऱ्या त्रासाचा फारसा संबंध नाही. गोव्यात तर तो क्रम बराचसा उलटाच लागतो.

आधी आकड्यांबद्दल. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची बनते, त्या पीईटीचं पेटंट १९४१ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं. त्याच्या बाटलीचं पेटंट १९७३ सालचं, अमेरिकेतलं. म्हणजे जगातली सगळ्यांत जुनी पीईटी बाटली माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. तिचं साडेचारशेवं वर्ष कुणी पाहिलेलं नाही. पिशवीचं तर विचारूच नका; एका तक्त्यात २० वर्षं, दुसऱ्यात ५००, तिसऱ्यात १०००. २०२० साली अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतले कॉलिन वॉर्ड आणि ख्रिस्तोफर रेडी यांनी लोकांपुढे ठेवले जाणारे असे अनेक तक्ते तपासले. यातल्या बऱ्याच आकड्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वॉर्ड यांच्याच गटाने त्याच्या आदल्या वर्षी पॉलिस्टायरीनवर काम केलं होतं. आपला थर्माकोल बनतो तेच हे प्लास्टिक. त्याला हजारो वर्षं लागतात असं सर्रास सांगितलं जायचं. ऊन मिळालं तर काही दशकं ते काही शतकं पुरतात, असं या गटाला आढळलं.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे प्लास्टिक वाटलं तितकं वाईट नाही तर! तसं मला अजिबात म्हणायचं नाही. माझं म्हणणं पुढे येईलच. पण मुलांना जे शिकवायचं ते खरं असावं, एवढा आग्रह मास्तराने धरायला हवा आणि मी तो धरला नाही, याचं मला वाईट वाटतं.

जुन्या गोव्याला सहल नेली की बॉम जेझूस बासिलिकेसमोर उभं राहून मी मुलांना सांगायचो, “ही १६०५ साली पुरी झाली. तुमच्या हातातली बाटली हिच्याहून जास्त जगेल.” मुलं त्या लालसर जांभ्या दगडाच्या भिंतींकडे बघायची, मग बाटलीकडे. डोळे मोठे व्हायचे. आणि परत येताना बसच्या सीटखाली त्याच बाटल्या गडगडत असायच्या. मुलांचा दोष नाही. साडेचारशे वर्षं हा आकडा कुणाच्याच आयुष्यात मावत नाही. आजोबांचे आजोबाही त्यात कुठेतरी मधेच संपतात. एवढ्या लांबच्या गोष्टीची धास्ती वाटली तरी आज दुपारी काय करायचं, हे त्यातून काही कळत नाही.

आता कुजण्याबद्दल. वस्तू कुजते ती हवा, पाणी, ऊब आणि जंतू मिळाले तर. जागा बदलली की वर्षं बदलतात. मागच्या मे महिन्यात माडाचं आळं काढताना हातभर खाली एक प्लास्टिकची पिशवी लागली. फोंड्यातल्या एका कापडाच्या दुकानाची. ते दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं झाली असतील. माती झटकली तर नाव, पत्ता आणि जुना सहा आकडी फोन नंबर लख्ख वाचता येत होता. त्याच आळ्यात टाकलेला केळीचा पाला आणि पातेरा काळी माती होऊन गेला होता. तिथून दहा पावलांवर लाकडांच्या राशीवर आम्ही पावसाळ्यासाठी निळं प्लास्टिक अंथरलं होतं. पूर्वी तिथे माडाच्या झावळ्यांची विणलेली चुडतं घालायचो. त्या निळ्या प्लास्टिकने दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढले. हात लावला की कपचे पडत होते, बोटांना निळा भुगा लागत होता. दोन्ही वस्तू एकाच जातीच्या प्लास्टिकच्या, पॉलिथिनच्या. एक मातीखाली पाव शतक जशीच्या तशी, दुसरी उन्हात दोन वर्षांत चुरा. मग तक्त्यात ‘प्लास्टिक’ या चित्रापुढे कोणता आकडा लिहायचा?

कागदाचंही तेच. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. त्यांनी १९७३ मध्ये लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे मोठमोठ्या कचराभूमी खोदून पाहिल्या, एखादं जुनं नगर उकरावं तशा. खालच्या थरांत काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली. ती वाचता येत होती. मक्याची कणसं ओळखू येत होती. दाबून, झाकून, हवा कोंडून ठेवलेल्या ढिगाऱ्यात सहा आठवड्यांचा कागद चाळीस वर्षं टिकतो.

आणि तो नुसता टिकत नाही. हवा कोंडली की ओला कचरा वेगळ्या तऱ्हेने सडतो आणि मिथेन हा जळता वायू सुटतो. मडगावजवळच्या सोनसोडोबद्दल गोव्यात कुणाला वेगळं सांगायला नको. शहराचा कचरा वर्षानुवर्षं एका जागी येत राहिला, ओला आणि सुका एकत्र, आणि त्याचा डोंगर झाला. २०१९ च्या मे महिन्यात त्याला आग लागली, ती दिवसच्या दिवस धुमसली. आजूबाजूच्या घरांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्या डोंगरात प्लास्टिक होतंच, आणि जळताना त्याचा धूर विषारी होतो हेही खरं. पण डोंगराला दुर्गंधी आणली, त्याखालून काळं पाणी वाहवलं, पोटात जळता वायू धरला, तो तक्त्यातल्या पहिल्या ओळींनी. केळीची साल, भात, माशाचं डोकं, चिकनची हाडं. तक्त्याच्या हिशोबाने काही आठवड्यांत ‘नाहीसं होणारं’ सगळं. वेगळं ठेवलं असतं तर ते खत झालं असतं किंवा साळगावच्या प्रकल्पात होतो तसा त्याचा गॅस करून वीज झाली असती. २०१६ पासून चालू असलेला तो प्रकल्प दाखवायला मी मुलांना नेलं होतं. तिथे काम करणाऱ्या माणसाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: ओल्यात सुकं मिसळून पाठवू नका.

म्हणजे तक्त्यात ज्याला सगळ्यांत निरुपद्रवी ठरवलं, त्याने एका शहराला जेरीस आणलं. आता तक्त्याचं दुसरं टोक पाहू, काच.

काच दहा लाख वर्षं टिकते असं लिहिलेलं असतं. आकडा सोडून द्या. काच कुजत नाही हे खरं आहे. माझ्या लहानपणी घरात काचेच्या बाटल्या किती होत्या, ते आठवतं. रॉकेलची, खोबरेल तेलाची, लोणच्याची, फेणीची. दवाखान्यात मिक्स्चर आणायचं तर बाटली घरून न्यावी लागे. विसरलात तर परत घरी. बाजारात गोटीसोडा प्यायचा तो तिथेच उभं राहून, बाटली दुकानदाराच्या हातात देऊन मग पुढे. या बाटल्यांचा कचरा झालेला मला आठवत नाही. फुटली तर आजी तुकडे वेचून जुन्या डब्यात भरायची आणि डबा पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवायची. जी वस्तू लाखो वर्षं कुजणार नव्हती, तिने माझ्या गावाला काही त्रास दिला नाही. कारण प्रत्येक बाटलीला धनी होता. ती कुठून आली आणि कुठे परत जाणार, हे ठरलेलं होतं. तिला किंमत होती.

आज त्याच काचेने आमच्या शेतांची वाट लावली आहे. रस्त्यालगतच्या कुठल्याही शेतात उतरा. बिअरची बाटली गाडीतून फेकली जाते, बांधावर फुटते आणि चिखलात रुतते. लावणीला उतरणाऱ्या बायकांच्या पायाला टाके पडलेले मी पाहिले आहेत. एका वहिनींनी तर आपली मळी, म्हणजे शेताचा तुकडा, पडीकच टाकली, म्हणाल्या, “भाताच्या चार पोत्यांसाठी पाय घालवायचा नाही.” समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं यांसाठी २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दोन हजार रुपये दंड ठेवला गेला. शेतात पहारा कोण ठेवणार? काच तीच, तिचं आयुष्य तेच. मधल्या काळात एवढंच झालं की बाटली बेवारशी झाली.

माझं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. कचऱ्याचा त्रास तो किती वर्षं टिकतो यावर ठरत नाही, त्याला परत घेणारं कुणी आहे की नाही यावर ठरतो.

मग आपण सगळे ‘कुजायला किती वर्षं’ हेच का विचारत राहतो? मला वाटतं त्याचं मूळ आपल्या मागीलदारी आहे. गोव्यातल्या जुन्या घराला पुढे अंगण आणि मागे मागीलदार. भांडी घासायची तिथे, मासळी साफ करायची तिथे आणि जे नको ते टाकायचंही तिथेच. केळीचं पान, नारळाची सोडणं, फुटकं मडकं, चुलीतली राख. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांचं छत, म्हणजे माटोळी बांधायची, तिला सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळ, तोरंजन, रानातल्या वेली. गणपती पोचवून आलं की सुकलेलं सगळं पुन्हा मागीलदारी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दमट हवा, रान अगदी दाराशी. चार महिन्यांत जमीन सगळं गिळून टाकायची. आपण फार स्वच्छ होतो असं नाही. टाकलेली वस्तू आपोआप नाहीशी व्हायची, म्हणून स्वच्छ दिसायचो. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टाकण्याची सवय आज आहे तीच तेव्हाही होती. वस्तू बदलल्या, सवय राहिली. आणि त्या सवयीतूनच तो प्रश्न येतो: हे आपोआप कधी नाहीसं होईल? म्हणजेच, मी यातून कधी मोकळा होईन?

आपल्या कायद्याचं नावही याच प्रश्नावर बेतलेलं आहे. गोव्याने १९९६ सालीच विघटन न होणाऱ्या कचऱ्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. पाऊल चांगलं होतं. पण कचऱ्याची विभागणी कुजणारा आणि न कुजणारा अशी झाली, आणि तीच डोक्यात बसली. देशाच्या नियमांत पुढे एक बदल झाला, तो मला फार बोलका वाटतो. पिशवीची जाडी आधी किमान ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, ती ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. कुजण्याचा हिशोब धरला तर हे उफराटं आहे; जाड पिशवी जास्त टिकणार. तरीही जाड पिशवीच बरी. ती माणूस घडी घालून पुन्हा वापरतो, आणि फेकली तरी वजन असल्यामुळे भंगारवाला उचलतो. पातळ पिशवी कुणी उचलत नाही. ती वाऱ्याने उडते, गटारात अडकते, गाय खाते. नियम करणाऱ्यांनीही इथे कुजण्याचा नाही, उचलणाऱ्याचा विचार केला.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या काही वस्तूंवर बंदी आली. स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, कानातल्या काड्या, सजावटीचा थर्माकोल. चवथीच्या मखरांतून थर्माकोल गेला हे मला मनापासून आवडलं. पण माझ्या गावाच्या ओहळात पावसाळ्याच्या पहिल्या पाण्याबरोबर काय वाहत येतं, ते मी चार वर्षं मोजलं आहे. पोतीच्या पोती भरून पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, शांपूच्या पुड्या. यांतलं काहीच त्या यादीत नाही.

पहिल्या पाण्याचं जरा जास्त सांगतो. गोव्यात कचऱ्याची खरी मुदत आहे ती जूनची. ऑक्टोबर ते मे पडलेलं सगळं उन्हात तापतं, ठिसूळ होतं, त्याला चिरा जातात. मग पहिला पाऊस ते उचलतो आणि ओहळातून नदीत, नदीतून खाडीत, खारफुटीच्या मुळांत, समुद्रात नेतो. ऑगस्टमध्ये समुद्र त्यातलं थोडं मिरामारच्या वाळूवर परत आणून टाकतो आणि आपण फोटो काढतो. चुरा होऊन न दिसणारं तिथेच राहतं. प्लास्टिकच्या अशा बारीक कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव रूढ झालं ते २००४ पासून. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना साळ नदीच्या मुखाकडच्या भागात ते पाण्यात, चिखलात आणि आपण खातो त्या मासळी-शिंपल्यांत सापडले. साडेचारशे वर्षं वाट बघावी लागली नाही. बाटली तक्त्यातलं आयुष्य पुरं करण्याच्या कितीतरी आधी आपल्या ताटाच्या वाटेवर असते. तक्त्यातला मोठा आकडा हीच गोष्ट झाकून टाकतो. मुलांना वाटतं, बाटली अखंड पडून राहते आणि साडेचारशेव्या वर्षी एकदम नाहीशी होते.

याच प्रश्नाच्या जोरावर एक नवा माल बाजारात आला आहे. ‘बायोडिग्रेडेबल’, ‘कंपोस्टेबल’. जत्रेत खाज्याचं दुकान असो की रसाचा गाडा, विक्रेता हिरव्या अक्षरांची पिशवी दाखवून सांगतो की ही कुजते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा पिशव्या तीन वर्षं मातीत पुरून आणि समुद्रात बुडवून ठेवल्या होत्या. बाहेर काढल्यावर ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेल्या पिशवीत बाजारहाट भरून नेता येत होता. मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला कुजायला ५८ अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती कारखान्यातल्या खताच्या ढिगात मिळते, माझ्या आळ्यात मिळत नाही. पीएलएच्या पेल्याला ओळखून वेगळा जमा करणारी आणि अशा खताच्या कारखान्यापर्यंत पोचवणारी व्यवस्था नसेल, तर तो आणि साधा प्लास्टिकचा पेला यांत ओहळाच्या दृष्टीने काही फरक नाही. मला यातली सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच वाटते. तो पेला हातातून टाकताना माणसाचं मन खात नाही.

मग करायचं काय? गोवा सरकारने २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली. बाटली, डबा किंवा पाकीट विकत घेताना त्यावर काही रक्कम अनामत भरायची, वेष्टणावर ओळखीचा कोड असेल, रिकामं वेष्टण ठरलेल्या जागी परत दिलं की अनामत परत. मी तिचा पूर्ण पक्षपाती आहे. गोटीसोड्याची बाटली हेच करत होती, कोड नव्हता एवढंच. पण आमच्या गावच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानावर, मी आजवर एकाही बाटलीची अनामत भरलेली नाही आणि एकही रिकामी बाटली देऊन पैसे परत घेतलेले नाहीत.

हे जमत नाही असं नाही. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात फुटक्या बाटल्यांनी जंगलातले हत्ती जखमी होत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला आणि रिकामी बाटली आणली की परत द्यायला सुरुवात झाली. दहातल्या नऊहून जास्त बाटल्या परत येऊ लागल्या. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत आहे आणि तिथे जवळजवळ ९८ टक्के बाटल्या परत येतात. जर्मन माणूस आपल्यापेक्षा सद्गुणी आहे म्हणून हे होत नाही. एकाने फेकली तरी दुसरा ती उचलतो, कारण ती बाटली म्हणजे पैसे. सोळा प्रकारांत कचरा वेगळा करणारी पणजीसारखी शहरं आपल्याकडे आहेत, तेव्हा गोमंतकीय माणसाला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेणार नाही. शिवाय इथे प्रश्न फक्त गोमंतकीयांचा नाही. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो आणि २०२४ मध्ये इथे एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले. त्यांना शाळेत बसवून तक्ता शिकवता येत नाही. अनामत मात्र प्रत्येकाला भरावी लागते, आणि ती कोकणी, मराठी, हिंदी, रशियन सगळ्यांना कळते.

विरोधाचे मुद्दे आहेत, आणि ते सगळे खोटे नाहीत. आमचा पसरकार मला म्हणाला, “मास्तर, माझा पसरा दहा बाय बारा. रिकाम्या बाटल्या ठेवू कुठे? मुंग्या येतात, उंदीर येतात. आणि अनामत परत द्यायला सुटे पैसे मीच गल्ल्यातून काढायचे?” त्याचं बरोबर आहे. लहान दुकानदारावर हे ओझं टाकणं अन्यायाचं होईल. परत घेण्याची जागा पंचायतीने द्यावी, मोजणी आणि वाहतूक कंपन्यांच्या पैशांतून व्हावी, आणि दुकानदार स्वखुशीने बाटल्या घेत असेल तर त्याला दर बाटलीमागे हातखर्च मिळावा. दुसरा मुद्दा त्याहून नाजूक आहे. शांपूची दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या बाईने पुडीवर अनामत भरायची का? माझं स्पष्ट मत, नाही. सुरुवात दारूच्या, पाण्याच्या, थंड पेयांच्या बाटल्या आणि डब्यांपासून करावी. जिथे वस्तू महाग, वेष्टण मोठं आणि घेणारा बहुधा कमावता. पुडीचं आणि वेफर्सच्या पाकिटाचं काय करायचं, ते ती बनवणाऱ्याला विचारावं. त्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांना ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो, ते थर सोडवता येत नाहीत, म्हणून कुठलाच भंगारअड्डा ते घेत नाही. आज ते गाठोडी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळायला जातं. ते करण्यावाचून सध्या इलाज नाही, पण त्याचा ट्रक आणि त्याची मजुरी बनवणाऱ्याच्या खिशातून जायला हवी, आपल्या करातून नव्हे.

तिसरी काळजी माझी स्वतःची आहे. आज गोव्याच्या रस्त्यांवरून जी काही पीईटी बाटली उचलली जाते, ती भंगार वेचणाऱ्या माणसांमुळे. बहुतेक परप्रांतीय, बहुतेक बायका. पहाटे पोतं घेऊन निघतात आणि सांजेला भंगारअड्ड्यावर किलोच्या भावाने विकतात. नवी योजना आली की परताव्याच्या केंद्रावर त्यांना आधार कार्ड, मोबाईल, बँक खातं असं काही विचारून हाकललं जाऊ नये. जी बाटली आणेल तिला रोख पैसे. यंत्रावर कोड दाखवायला ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी माणूस बसवावा लागेल.

ओल्या कचऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवं काही नाही. खेड्यातल्या घराला माड आहे, आळं आहे, परस आहे. तिथला ओला कचरा गाडीत घालून साळगावच्या किंवा काकोड्याच्या कचरा प्रकल्पात पाठवणं म्हणजे डिझेल जाळून केळीची साल फिरवून आणणं. ज्यांना जमीन आहे त्यांच्याकडून पंचायतीने ओला कचरा घेऊच नये. फ्लॅटवाल्यांचा आणि हॉटेलांचा घ्यावा, रोज घ्यावा.

राहिली आमच्या गावातली जागा. फुटबॉलच्या मैदानापलीकडे पंचायतीची सुका कचरा साठवायची शेड आहे. पत्रे चांगले, जमीन सिमेंटची, वीज आलेली. गेलं दीड वर्ष ती कुलूपबंद आहे, कारण आत साठलेली पाकिटांची गाठोडी न्यायचा खर्च कुणी करायचा, हे ठरत नाही. ती रिकामी झाली तर परत आलेल्या बाटल्यांना जागा होईल आणि पसरकाराचा पहिला आक्षेप मिटेल. येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मी सेक्रेटरीकडे तीन प्रश्न लेखी दिले आहेत: शेडची चावी कुणाकडे आहे, गाठोडी कधी जाणार, आणि अनामतीच्या योजनेत आपल्या पंचायतीचं परतावा केंद्र कुठे असणार. पसरकार येतो म्हणाला आहे. त्या दिवशी पसरा दुपारनंतर उघडणार.